आमदारांच्या पत्रानंतर काय होते?

गेल्या अंकात ‘आमदार आणि आपले काम’ या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. वाचकांची नावे व गावे मुद्दाम दिलेली नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात मी अकरा वर्षे पत्रव्यवहार सांभाळला. त्या अनुभवाचा आधार काही उत्तरांना आहे.

प्रश्न : आमच्या गावाच्या वाटेवर ओढा आहे आणि त्यावर ठेंगणा फरशी पूल आहे. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेले की मुलांची शाळा बुडते, दुधाच्या गाड्या अलीकडेच थांबतात. पाच वर्षांत तीन वेळा आमदारांना निवेदन दिले. प्रत्येक वेळी त्यांनी आमच्यासमोर पत्र दिले, पण काम झाले नाही. त्या पत्राला काही किंमत असते की नाही? (हिंगोली जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : पत्राला किंमत असते, पण आपण समजतो तेवढी नसते. अशा पत्राच्या शेवटी बहुधा ‘तपासून नियमानुसार उचित कार्यवाही व्हावी’ असे वाक्य असते. ते पत्र कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात आवक नोंदवहीत चढते, शाखेत जाते, आणि काही आठवड्यांनी ‘निधीच्या उपलब्धतेनुसार काम प्रस्तावित करण्यात येईल’ असे उत्तर निघते. यात कोणी खोटे बोललेले नसते. पत्राने फक्त विचारले होते आणि कार्यालयाने फक्त उत्तर दिले, एवढेच झालेले असते. तीन निवेदनांना तीन पत्रे मिळाली म्हणून काम तीन पावले पुढे गेले, असे होत नाही.

सर्वांत आधी आपला रस्ता कोणाचा आहे, हे शोधावे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रत्येक रस्त्याला क्रमांक असतो. आपल्या रस्त्याला क्रमांकच नसेल, म्हणजे तो रस्ते विकास योजनेत धरलेलाच नसेल, तर त्यावर पुलासाठी पैसा टाकायला अधिकाऱ्याच्या हाती आधार नसतो. माझ्या कामाच्या काळात एका वस्तीची निवेदने अशीच कितीतरी वर्षे फिरत राहिली होती. शेवटी एका कनिष्ठ अभियंत्याने नकाशा टेबलावर पसरला आणि वस्तीपर्यंत येणारी रेघ ओढ्याच्या अलीकडेच कशी संपते, हे बोट ठेवून दाखवले. कागदावर त्या वस्तीला रस्ताच नव्हता. आधी तो रस्ता योजनेत घेण्याचा ठराव करावा लागला आणि पुलाचा विषय त्यानंतर सुरू झाला. आमदारांची आधीची सगळी पत्रे चुकीच्या दारावर गेली होती.

रस्त्याचा क्रमांक हाती आला की पैसा कोठून येईल, हा प्रश्न येतो. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाची मर्यादा २०२० पर्यंत वर्षाला दोन कोटी रुपये होती, ती टप्प्याटप्प्याने पाच कोटींवर नेण्यात आली. रक्कम मोठी वाटते, पण अनेक ग्रामीण मतदारसंघांत शंभरावर गावे असतात आणि एक बऱ्यापैकी पूल त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतो. शिवाय हा पैसा आमदारांच्या हातात कधीच येत नाही. आमदार काम सुचवतात, मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि काम यंत्रणा करते. म्हणून सभामंडप, लहान रस्ता, शाळेची खोली यांना हा निधी पुरतो. ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाचा निधी, ज्याला गावोगाव ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात, तोही लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत सोयींसाठी असतो. मोठ्या पुलाची जागा राज्याच्या अर्थसंकल्पात, पुरवणी मागण्यांत किंवा नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेच्या कर्जातून होणाऱ्या कामांच्या यादीत असते. त्या यादीत काम बसवणे, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश या प्रत्येक टप्प्यावर ते अडकू न देणे, यातच आमदारांचा खरा कस लागतो. म्हणून चौथे निवेदन देण्याऐवजी ‘आमचे काम यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे?’ एवढाच प्रश्न लेखी विचारावा.

आता सभागृहाकडे वळू, कारण आपण आमदार निवडतो तो मुळात सभागृहासाठी. विधानसभेत तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचे उत्तर सभागृहात तोंडी मागता येते त्या प्रश्नाचा, ठरलेला साचा आहे : अमुक गावाजवळील पूल दरवर्षी पाण्याखाली जातो, हे खरे आहे काय, असल्यास, नवीन पुलाबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? या तीन ओळी साध्या दिसतात. पण प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातून खाली विचारणा निघते. ती अधीक्षक अभियंत्यांकडून कार्यकारी अभियंत्यांकडे, तेथून उपअभियंत्यांकडे उतरते आणि अखेर ज्या कनिष्ठ अभियंत्याच्या हद्दीत तो ओढा आहे, त्याला टेप आणि मोबाइल घेऊन काठावर उभे राहावे लागते, कारण उत्तरावर मंत्र्यांची सही होणार असते आणि सभागृहात चुकीची माहिती जाणे त्याला परवडणारे नसते. पाच वर्षे जी नस्ती (फाइल) कपाटात होती ती त्या आठवड्यात टेबलावर येते. कधीकधी ‘हे अंशतः खरे आहे’ असे छापील उत्तर मिळते, पण ते ‘अंशतः’सुद्धा पुढे धरून ठेवता येते.

प्रश्नोत्तरांचा तास एकच असतो आणि यादीतील मोजक्याच प्रश्नांवर तोंडी चर्चा होते, हे खरे आहे. उरलेल्यांची उत्तरे लेखी मिळतात. विषय तातडीचा असेल तर नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना देता येते, पण ती घ्यायची की नाही हे अध्यक्ष ठरवतात. मंत्र्यांनी सभागृहात ‘हे काम हाती घेऊ’ असा शब्द दिला, तर तो शब्द पुढे आश्वासन समितीकडे जातो आणि तो पाळला का, हे ही समिती विचारते. तोपर्यंत अनेकदा अधिवेशन संपलेले असते, वर्तमानपत्रे पुढच्या विषयाकडे गेलेली असतात आणि गावालाही वाटते की शब्द मिळाला म्हणजे पूल झाला. त्या वेळी आमदारांना ‘आश्वासनाचे काय झाले?’ असे विचारणारी दोन माणसे गावात असली पाहिजेत.

प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी पाठवावा लागतो. हिवाळी अधिवेशन नागपूरला डिसेंबरात भरणार असेल, तर डिसेंबरात निवेदन घेऊन जाण्यात फारसा अर्थ नाही. दिवाळीपूर्वीच जा. सोबत रस्त्याचा क्रमांक, गेल्या तीन वर्षांत पूल किती दिवस पाण्याखाली होता याचा मुख्याध्यापकांनी हजेरीपटावरून दिलेला दाखला, ग्रामसभेचा ठराव आणि आधीच्या तिन्ही पत्रांच्या आवक क्रमांकासह प्रती न्या. एवढे कागद पुढे आले की आमदारांच्या स्वीय सहायकाला प्रश्नाचा मसुदा करायला पाऊण तास पुरतो. हे मी अनुभवाने सांगतो.

प्रश्न : माझ्या विधवा नणंदेचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये आठ महिने पडून आहे. गावातील एक कार्यकर्ता म्हणतो की आमदारांची सही झाल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. हे खरे आहे का? (सोलापूर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : नाही. अर्जावर आमदारांच्या सहीसाठी रकाना नाही आणि तशी अटही नाही. अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेकडे असतो आणि मंजुरी तालुका समितीपुढे होते. या समितीवर अशासकीय सदस्य असतात, त्यांची नावे बहुधा स्थानिक आमदारांच्या शिफारशीने येतात आणि त्यामुळेच ‘सही लागते’ असा समज गावात पसरतो. नणंदबाईंनी अर्जाची पोच हाती ठेवावी, ती नसेल तर आधी मिळवावी, आणि समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली व आपला अर्ज तिच्यापुढे ठेवला होता का, हे लेखी विचारावे. उत्तर मिळाले नाही तर दहा रुपयांच्या शुल्काने माहिती अधिकारात विचारावे. त्याचे उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. उत्पन्नाच्या दाखल्यावर अडले असेल तर तो दाखला २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदतीत मिळण्याचा आपला अधिकार आहे. मुदत टळल्यास अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. अनुदान आता थेट बँक खात्यात येत असल्याने खाते आधारशी जोडलेले आहे का, हेही आजच पाहून घ्यावे.

आमदारांकडे जाऊ नये, असे मात्र मी म्हणणार नाही. उलट, जावे आणि वेगळ्या कामासाठी जावे. आमच्या कार्यालयात एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले सगळे कागद घेऊन दर सोमवारी येत. पिशवीतून पहिल्यांदा मुलाच्या मृत्यूचा दाखला बाहेर काढत, तो टेबलावर हाताने सपाट करत आणि मगच बोलू लागत. आम्ही तहसीलला दूरध्वनी करायचो आणि काही महिन्यांनी त्यांचे काम झालेही. पण त्याच तालुक्यात तशीच कितीतरी माणसे होती, ज्यांना आमच्या दारापर्यंत येण्याचे भाडे परवडत नव्हते, आणि आमच्या एका दूरध्वनीने त्यांच्यापुढे एक अर्ज उडी मारून गेला होता. ही गोष्ट मला फार उशिरा समजली, आणि ती समजल्यापासून माझे मन अस्वस्थ आहे. तालुक्यात किती अर्ज किती महिन्यांपासून पडून आहेत, समितीची बैठक का होत नाही, हे आमदारांनी विचारले पाहिजे. वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असण्याची अट वर्षानुवर्षे चालत आली आहे. महिन्याला पावणेदोन हजारांहून अधिक मिळवणारी विधवा निराधार नाही, असा त्या अटीचा अर्थ होतो. ही अट बदलायला लावणे हे विधिमंडळातले काम आहे आणि ते फक्त आमदारच करू शकतात.

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. सोसायटीसमोरचे गटार तुंबले की लोक आमदारांना फोन करतात. ते चूक की बरोबर?

उत्तर : गटार, कचरा, रस्त्यावरचे दिवे, नळाचे पाणी ही महापालिकेची कामे आहेत आणि त्यासाठी नगरसेवक, क्षेत्रीय कार्यालय आणि आयुक्त असा क्रम आहे. राज्यातील अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर निवडणुका लांबल्या, कारभार प्रशासकांकडे गेला आणि दारात येणारा नगरसेवकच उरला नाही. त्या काळात लोक आमदारांकडे वळले, ते स्वाभाविक होते आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण ती सवय कायम झाली, तर आपल्या शहराचा विकास आराखडा, विकास नियंत्रण नियम, पूररेषेतील बांधकामे अशा राज्य शासन ठरवते त्या विषयांवर बोलण्यास आमदारांना वेळ उरणार नाही. गटारासाठी नगरसेवक गाठावा. गटार ज्या नाल्याला मिळते त्या नाल्यावर बांधकामाला परवानगी कोणत्या नियमाने मिळाली, हे आमदारांना विचारावे.

प्रश्न : माझे मतदान मुंबईत आहे, शेती सातारा जिल्ह्यात आहे. शेजाऱ्याने पाणंद नांगरून अडवली. मी कोणत्या आमदारांकडे जावे? तेथील आमदार ‘तुमचे मत इथे नाही’ म्हणतील का?

उत्तर : असे कोणी म्हणाले तर ते गैर होईल. आमदार हा मतदारसंघाचा प्रतिनिधी असतो, त्यात तेथील जमीन, रस्ते आणि पाणीही आले. पण या कामासाठी आपण कोणत्याही आमदारांकडे जाण्याआधी तहसीलदारांकडे जावे, आणि लवकर जावे. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा करता येतो आणि तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. सुट्टीत गावी येऊन भाऊबंदांची बैठक घेऊ, आमदारांना भेटू, असे करता करता ही मुदत निघून गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. शेताला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. दोन्ही ठिकाणी तहसीलदार न्यायनिर्णय करत असतात आणि तेथे आमदारांनी कोणाच्याही बाजूने दूरध्वनी करू नये, कारण शेजारीही त्याच मतदारसंघातला आहे. पाणंद मोकळी झाल्यावर तिचे मातीकाम आणि खडीकरण करायचे असेल, तेव्हा आमदारांना जरूर भेटावे. २०२१ मध्ये मातोश्री शेत-पाणंद रस्ते योजना त्यासाठीच आली.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. महाराष्ट्रात एखाद्या लोकप्रतिनिधीने आपल्या भागातील प्रश्नावरून सुरुवात करून राज्याचा कायदा घडवल्याचे उदाहरण आहे का?

उत्तर : आहे, आणि ते इतके मोठे आहे की प्रत्येक नव्या आमदाराने शपथ घेण्यापूर्वी ते समजून घ्यावे, असे मला वाटते. वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका हा त्यांचा परिसर. तेथील कोरडवाहू शेतीवर जगणारा माणूस पेरणी आणि काढणी सोडली तर उरलेल्या महिन्यांत रिकामा राहतो आणि तो रिकामपणा त्याला कर्जात व स्थलांतरात ढकलतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. जो काम मागेल त्याला गावाजवळ काम मिळाले पाहिजे आणि त्या कामातून बांध, तलाव, विहिरी असे शेतीला उपयोगी पडणारे काही उभे राहिले पाहिजे, हा त्यांचा विचार होता. साठच्या दशकात तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात त्याचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९७२ च्या दुष्काळात तिला राज्यभर रूप आले.

येथपर्यंत ही एक योजना होती, आणि योजना सरकार मनात येईल तेव्हा बंद करू शकते. पागे यांचे मोठेपण पुढच्या टप्प्यात दिसते. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी अधिनियम केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा हक्क झाला आणि काम देता आले नाही तर बेकारी भत्ता देण्याचे बंधन आले. खर्चासाठी व्यवसाय कराचा आधार घेण्यात आला, म्हणजे शहरातील पगारदाराच्या खिशातून गावातील मजुराच्या मजुरीची तजवीज झाली. शहरातील प्रतिनिधींनीही हे मान्य केले, याचे मला आजही कौतुक वाटते. कामे पाहण्यासाठी विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी योजना समिती झाली आणि तिचे सदस्य जिल्ह्यांत जाऊन हजेरीपट तपासू लागले. २००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पातळीवर ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा सुमारे तीन दशकांचा अनुभव पाठीशी होता.

आपण विद्यार्थिनी आहात म्हणून एक मुद्दा मुद्दाम सांगतो. पागे विधान परिषदेचे होते, म्हणजे विधानसभेचा कोणताही मतदारसंघ त्यांच्या नावावर नव्हता. तरीही तासगावच्या मजुराचे दुःख त्यांनी आपले मानले आणि ते राज्याच्या कायद्याच्या भाषेत लिहिले. तालुक्यातील पाचशे माणसांना त्यांनी कामाची शिफारसपत्रे दिली असती, तर ती पाचशे घरे त्यांचे नाव घेत राहिली असती, पण पाचशे एकाव्या माणसाला पुन्हा पत्रासाठी यावे लागले असते. कायदा झाल्यावर कोणालाही पागे यांच्या दारात यावे लागले नाही.

प्रश्न : माझी पत्नी शासकीय नोकरीत आहे. तिच्या बदलीसाठी आमदारांचे पत्र घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी २००५ चा अधिनियम आहे. साधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल वा मे महिन्यात व्हाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. सेवेच्या बाबतीत बाहेरचे वजन आणणे हा १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार गैरवर्तनाचा भाग ठरू शकतो आणि त्याची झळ आपल्याला नव्हे, पत्नीला बसेल. पती-पत्नी एकत्रीकरण, आजारपण अशी खरी कारणे असतील तर ती त्यांनी स्वतःच्या कार्यालयामार्फत, कागदपत्रांसह मांडावीत. याच २००५ च्या अधिनियमात कोणतीही नस्ती एका टेबलावर सर्वसाधारणपणे कामकाजाचे सात दिवस, त्याहून अधिक काळ राहू नये, असेही म्हटले आहे. वाचकांनी हा भाग स्वतःच्या कामासाठी लक्षात ठेवावा.

प्रश्न : आमच्या गावाने गेल्या निवडणुकीत सध्याच्या आमदारांच्या विरोधात मतदान केले, आणि ते सर्वांना माहीत आहे. दुसरीकडे आमचे आमदार विरोधी पक्षाचे असल्याने त्यांनाच निधी मिळत नाही, असेही ऐकतो. मग आम्ही काय करावे?

उत्तर : यात दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. सत्ताधारी बाकांवरील आमदारांची कामे अर्थसंकल्पात सहज बसतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही विरोधी बाकांवर बसून मतदारसंघ सांभाळता येतो, याचा पुरावा सांगोल्याने दिला आहे. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये तेथून पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. मंत्रिपदाचा थोडा काळ वगळला तर त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. एसटीने प्रवास करणारे आमदार म्हणून लोक त्यांना ओळखत. पण मला त्यांच्या साधेपणापेक्षा चिकाटी अधिक महत्त्वाची वाटते. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे म्हणून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदांत ते वर्षानुवर्षे उभे राहिले, आणि लोकांनी परिषदेत मांडलेलीच मागणी सभागृहात मांडत राहिले. कऱ्हाडजवळच्या टेंभूपासून उचललेले पाणी इतक्या लांबच्या माणदेशात आणणे हे एका अधिवेशनाचे काम नव्हते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, खात्याच्या मागणीत कपात सुचवणारी कपात सूचना ही आयुधे विरोधी सदस्यालाही तेवढीच मिळतात, किंबहुना मंत्र्यांना अवघड प्रश्न विचारताना त्याला पक्षाचा संकोच नसतो.

आता आपल्या गावाच्या मतदानाविषयी. मते कोणाला दिली, हे विचारून काम करणारे लोकप्रतिनिधी आहेत, आणि ती गोष्ट लोकशाहीला शोभणारी नाही, असे मी त्यांच्या तोंडावरही म्हटले आहे. पण गावाने आपल्या बाजूने एक पाऊल टाकावे. पंचायत समितीची वार्षिक आमसभा तालुक्याच्या आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते. तालुक्याच्या सर्व खात्यांचे अधिकारी समोर बसलेले असतात आणि कोणताही ग्रामस्थ उभा राहून विचारू शकतो. अनेक तालुक्यांत ती नियमित भरत नाही. आपल्याकडे भरत नसेल तर पहिली मागणी तीच करावी. भरत असेल तर बंगल्यावर निवेदन घेऊन जाण्याऐवजी तेथे जावे. दहा-बारा जणांनी जावे, त्यात दोन-तीन बाया असाव्यात, आणि एकानेच बोलावे. आधीच्या वर्षीच्या आमसभेचे कार्यवृत्त मागून घेऊन ‘गेल्या वर्षी अमुक पानावर आमच्या पाणीपुरवठ्याबाबत अमुक ठरले होते, त्याचे काय झाले?’ एवढेच विचारावे. चारशे माणसांसमोर, नोंद होत असताना, ‘तुमच्या गावाने मत दिले नाही’ असे उत्तर आजवर कोणत्याही आमदारांनी दिलेले मी ऐकले नाही. अध्यक्ष संबंधित अधिकाऱ्याला उभे करतात आणि तारीख मागतात. ती तारीख गटविकास अधिकाऱ्यांच्या माणसाने लिहून घेतली का, हे वाकून पाहावे आणि मगच खाली बसावे.